पोळ्याच्या दिवशी संत झालेला सालदार

माझा बाबा एका दुपारपुरता कॅथलिक संत झाला होता. ही गोष्ट सांगायला लागले की मला अजून हसू आवरत नाही. स्टाफरूममध्ये कुणी विषय काढला तर मी आधी हातातला चहा खाली ठेवते, कारण दोनदा साडीवर सांडून झालाय. नवरा म्हणतो, तू सांगताना इतकी हसतेस की ऐकणाऱ्याला गोष्टच कळत नाही. म्हणून आता लिहूनच काढते. लिहिताना हसलं तरी कागदाचं काही बिघडत नाही.

तर आम्ही बौद्ध. गाव मारेगाव तालुक्यातलं, काळ्या जमिनीचं, कापसाचं आणि तुरीचं. गावात कॅथलिक म्हणाल तर चार घरं, दोन सिस्टर आणि एक फादर. सिस्टर दवाखाना चालवतात, फादर शाळा चालवतात आणि त्या शाळेत मी सातवी-आठवीला मराठी शिकवते. फादर केरळचे. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध बोलतात. बाजारात भेंडी घेताना 'कृपया' म्हणणारा गावातला हा एकच माणूस.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या छोट्याशा चर्चमध्ये एक नवी मूर्ती आली. टेम्पोतून उतरवताना अर्धं गाव जमलं होतं. तणसातून आधी एक टोपी निघाली, मग दाढी, मग हातातलं फावडं, मग गुडघ्यापर्यंतचे बूट, आणि अगदी शेवटी पायाजवळची छोटीशी बैलजोडी. बैल दिसले तशी गर्दी एकदम पुढं सरकली. तोवर तो चर्चचा मामला होता, आता तो आमचाही झाला. गावातल्या एका म्हाताऱ्यानं वाकून बैलांच्या मानेवरून हात फिरवला आणि निकाल दिला, "याले वशिंड नाई. हा बैल नोहे."

फादर म्हणाले, "आजोबा, परदेशातील बैलांना वशिंड नसते."

"मंग जू कायले अडकवते?"

फादर स्वतःच वाकून बैलांची मान पाहू लागले. ते धर्मशास्त्र सात वर्षं शिकले होते, पण त्यात हा प्रश्न आला नसावा.

त्या संताची गोष्ट फादरांनी आम्हा शिक्षकांना सांगितली. आठ-नऊशे वर्षांपूर्वी स्पेनमध्ये तो राहायचा. स्वतःची जमीन नव्हती. जन्मभर एकाच मालकाच्या शेतात राबला. थंडीच्या दिवसात दळायला धान्य घेऊन निघाला आणि वाटेत उपाशी कबुतरं दिसली तर अर्धं पोतं त्यांच्यापुढं ओतायचा, तरी गिरणीवर पोचल्यावर पोतं भरलेलंच. बायकोही तशीच, दारी आलेल्याला उपाशी न पाठवणारी, आणि पुढं तिलाही संत मानलं गेलं. पण सगळ्यात नावाजलेली गोष्ट ही, की तो पहाटे आधी चर्चमध्ये जाऊन प्रार्थना करायचा. सोबतच्या मजुरांनी मालकाकडे चुगली केली, हा कामावर उशिरा येतो, कामचोर आहे. मालक लपून पाहायला गेला. पाहतो तर हा प्रार्थनेत बसलेला आणि शेतात देवदूत पांढरे बैल जुंपून नांगर चालवताहेत. मालकानं तिथंच गुडघे टेकून आपल्या मजुराची माफी मागितली.

मी ती गोष्ट त्याच संध्याकाळी घरी सांगितली. बाबा जेवत होता. भाकरीचा तुकडा हातातच ठेवून त्यानं विचारलं, "सालदार होता म्हनतं?"

सालदार म्हणजे वर्षभराच्या बोलीवर मालकाच्या शेतात राहणारा गडी. पाडव्याला बोली व्हायची, पुढच्या पाडव्याला सुटायची किंवा पुन्हा बांधली जायची. बाबानं हे काम बावीस वर्षं केलं होतं.

"हाव," मी म्हटलं. "सालदारच."

"किती वर्सं?"

"जन्मभर."

"एकाच मालकाकडे?"

"एकाच."

बाबानं तुकडा तोंडात टाकला, शांतपणे चावला आणि म्हणाला, "मंग संतच होता तो."

माय इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी द्यायला उठले आणि उठता उठता माझ्या डोक्यात सगळं नाटक तयार झालं. अक्षरशः तेवढ्यात. माठापर्यंत गेले तेव्हा शेवटचा प्रवेशही झाला होता.

का, ते सांगते. मी सहावीत असताना, डवरणीच्या म्हणजे उभ्या पिकात औत फिरवून तण काढायच्या दिवसांत, बाबाचे मालक एका भर दुपारी शेतात गेले. बाबा धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली आडवा झालेला होता. मालक तिथूनच परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात, दहा-पंधरा माणसांसमोर, बाबाला म्हणाले, "आमचा सालदार राजा हाय बाप्पा. भर डवरनीत झोपा काढते." लोक हसले. बाबा तसाच कामाला निघाला. त्या दिवसापासून त्याला गावात 'झोपाळू' म्हणायला लागले. आमच्या घरी कुणी आलं की हाक मारायचे, "काहो झोपाळू, जागे हाय का?" शाळेत एका पोरीनं मला 'झोपाळूची पोरगी' म्हटलं तेव्हा मी तिला कंपासपेटी फेकून मारली. तिच्या कपाळाला टेंगूळ आलं. "माझा बाबा झोपला नव्हता," असं मी मास्तरांसमोर, मुख्याध्यापकांसमोर आणि तिच्या आजीसमोर ओरडून सांगितलं. पुढची बावीस-तेवीस वर्षं तेच सांगत राहिले. बाबा मात्र त्या दिवसाबद्दल कधीच काही बोलला नाही. मायलाही नाही. नंतर त्यानं सालदारी सोडली, स्वतःची बैलजोडी घेतली, दोन एकर ठोक्यानं, म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून, केलं. मालक चहाच्या टपरीवर भेटायचे, दोघं एकमेकांना 'काय म्हनते' विचारायचे, आणि मी बाजूनं जाताना मालकांकडं पाहायची सुद्धा नाही. माझा राग असा आहे. वर्षानुवर्षं टिकतो.

आता सांगा, मजुराची माफी मागणारा मालक ज्या गोष्टीत आहे, ती गोष्ट माझ्या हातात पडल्यावर मी काय करणार?

फादरांना मी दुसऱ्याच दिवशी म्हटलं, या संताचं नाटक करू. त्याचा सण मे महिन्यात येतो, पण मे महिन्यात आमच्याकडे चर्चमध्ये बसायलाही हिंमत लागते, नाटक कोण पाहणार? फादरांनी विचारलं, मग केव्हा? मी म्हटलं, पोळ्याला. सगळं गाव घरी असतं, बैल सजवलेले असतात, आखरावर म्हणजे गावाबाहेरच्या गुरांच्या मैदानावर सगळे जमलेले असतात, आणि शाळेचं मैदान आखराला लागूनच आहे. पोळा भरायच्या आधी तासाभरात नाटक उरकू. खरे बैल आणू, डवरणीचं औत म्हणजे खरा डवरा आणू. नांगरापेक्षा डवरा हलका, तेवढ्याशा मैदानात चालवायला सोपा. फादर इतके खूश झाले की त्यांनी मला 'आपण धन्य आहात' असं म्हटलं.

नाटक मी एका रात्रीत लिहिलं. गोष्टीत मालक म्हणतो, तू उशिरा येतोस. मी लिहिलं, 'तू झोपा काढतोस.' शेवटी मालक गुडघे टेकून म्हणतो, 'माझं चुकलं. तू झोपला नव्हतास.' फादरांनी वाचून चष्मा काढला. "टीचर, संत निद्रिस्त नव्हते. ते प्रार्थना करीत होते."

"फादर, आमच्याकडे असंच म्हणतात."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला आणि पान उलटलं. मला वाटतं त्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं. माणूस भोळा दिसतो, पण शुद्ध मराठी बोलणाऱ्यावर फार विसंबू नये.

बाबाला संताचं काम कर म्हटलं तेव्हा तो आधी नाहीच म्हणाला. "मी देवापुढं हात जोडनार नाई. आधीच सांगून ठेवतो."

फादर स्वतः घरी आले होते. म्हणाले, "हात जोडू नका. केवळ डोळे मिटून बसा."

"तेवढं जमते," बाबा म्हणाला. मग पानाचा डबा उघडता उघडता त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "मालकाचं काम कोन करते?"

"मालकच," मी म्हटलं. कारण मी आधी तिकडूनच आले होते. मालकांना तरुणपणी गावच्या नाटकांत राजाचं काम करायची भारी हौस. त्यांनी संहिता पाहिलीसुद्धा नव्हती, 'फेटा आन काठी माह्याकडे हाय' एवढंच म्हणाले होते.

बाबानं डबा बंद केला. "मालक माह्यापुढं गुडघे टेकतीन?"

"गोष्टच तशी आहे."

"आन माफी मांगतीन? समद्या गावापुढं?"

"हाव."

बाबानं अंगणातल्या बैलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाटकातली काहून नसो. एकडाव आयकून तं पाहू." तेव्हा मला कळलं की तो चौकातला दिवस मी एकटीच धरून बसले नव्हते. मला इतका आनंद झाला की मी फादरांना दुसऱ्यांदा चहा पाजला, आणि दुसऱ्यांदाही साखर विसरले.

तालमी सुरू झाल्या. मालक पहिल्याच दिवशी कोट घालून आले. आवाज असा की शाळेमागच्या झाडावरचे बगळे उडाले. 'कुठे आहे तो कामचोर?' हे वाक्य ते इतक्या प्रेमानं म्हणायचे की मी आतल्या आत दात खायची. बाबा डोळे मिटून आपल्या जागी बसायचा. पण शेवटचा प्रवेश आला की मालक काठी काखेत मारायचे आणि म्हणायचे, "ते गुडघे टेकाचं आन माफीचं त्या दिवशी करतो. रोज रोज गुडघे चालत नाई माहे." एकदा नाही, दोनदा नाही, सगळ्या तालमी तशाच गेल्या. ते वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. टाळताहेत की खरंच गुडघे दुखतात, काही कळेना. बाबाला विचारलं तर म्हणाला, "गुडघे दुखते त्याचे. पन तेवढेच दुखते असं नाई."

दरम्यान गावानं संत आपलासा करून टाकला होता. आमच्याकडे त्याचं परदेशी नाव कुणी उच्चारत नाही, 'सालदारबाबा' म्हणतात. पोळ्याच्या आठ दिवस आधी कुणीतरी जाऊन मूर्तीच्या बैलांना पांढऱ्या सिमेंटची वशिंडं बसवली. कुणी ते आजवर उघड झालेलं नाही, पण त्या दिवशी बाबाच्या नखांत पांढरं काहीतरी होतं. फादर सकाळी दार उघडतात तर काय, बैल देशी झालेले. ते धावत माझ्याकडे आले. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "टीचर, आता जू व्यवस्थित बसेल, नाही का?" वशिंडं अजून तशीच आहेत, आणि पोळ्याला बैल फिरवून आणणारे आता चर्चच्या दारासमोरही दोन मिनिटं थांबवतात.

आणि मग पोळ्याची आदली संध्याकाळ आली. त्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. कोमट पाण्यानं धुतात, तूप-हळद चोळतात आणि त्यांना रीतसर जेवणाचं निमंत्रण देतात. बाबा आपल्या बैलाच्या खांद्यावर हळद चोळत म्हणत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी बाजूला उभी राहून कापसाचे पंख पुठ्ठ्याला चिकटवत होते. देवदूतांचे पंख. गेल्या हंगामातला कापूस होता घरात, तो सत्कारणी लागत होता.

बाबानं विचारलं, "उद्या जोडी कायले पायजे तुले?"

"डवरा ओढायला. सांगितलं ना."

बाबाचा हात थांबला. "पोळ्याच्या दिवशी?"

वाचकहो, मी सालदाराची पोरगी. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे मला बोलता यायच्या आधीपासून माहीत असायला पाहिजे. वर्षातला तोच एक दिवस त्यांचा. आणि मी एम.ए. बी.एड. बाईनं महिनाभर तालमी घेतल्या, फादरांना पटवलं, गावभर पत्रकं लावली, आणि हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. आलं ते एवढंच की त्या दिवशी बैल मोकळे असतात. तालमीत दोन खुर्च्यांना बैल मानून चालवत होतो, त्यामुळे कुणालाच काही खटकलं नाही. बाबा माझ्याकडे असा पाहत होता की मी पंखाचा पुठ्ठा चेहऱ्यासमोर धरला.

चिकट हातांनीच शाळेत पळाले. फादर म्हणाले, "परंतु आपणच म्हणालात, बैल मोकळे असतात."

"जू ठेवत नाहीत म्हणून मोकळे असतात, फादर."

ते खुर्चीवर बसले. त्यांच्यामागे उंच सिस्टर औषधांची खोकी मोजत होत्या. त्या मागं न वळताच म्हणाल्या, "गोष्ट देवदूतांची आहे ना? मग डवरा देवदूतच ओढतील. पोळा फक्त बैलांचा आहे, आमचा नाही."

मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते.

असं करून दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता शाळेच्या मैदानावर चार देवदूत उभे राहिले. उंच सिस्टर, बुटक्या सिस्टर, हिंदीच्या बाई आणि आमच्या शिपाईणबाई. पाठीला कापसाचे पंख, खांद्याला दोर, मागं डवरा. सभोवती सगळं गाव. आणि गावाच्या मागं सजवलेल्या जोड्या, मारेगावच्या बाजारातून आणलेली बेगड लावलेली शिंगं, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं, सगळे बैल पुरणपोळी खाऊन तृप्त उभे राहून पाहताहेत की आज आपलं काम कोण करतंय. मी त्या बैलांकडं पाहिलं आणि मला पडद्यामागं जे हसू सुटलं ते शेवटपर्यंत थांबलं नाही. माझ्या हातात माइक होता, चूक झाली तर वाक्य सांगण्यासाठी. तोंडाशी धरला नाही तर तो आवाज पकडत नाही असं मला वाटत होतं. माझं सगळं हसणं आखरापर्यंत ऐकू जात होतं, हे मला नंतर कळलं.

बाबा धुरा म्हणून मांडलेल्या मातीच्या ढिगावर बसला. नवं धोतर, पांढरी बंडी. डोळे मिटले. देवदूतांनी डवरा ओढला. आता, एक सिस्टर साडेपाच फूट आणि एक साडेचार. दोर तिरपा झाला, डवरा कलंडला, आणि चौघी मिळून प्रेक्षकांच्या दिशेनं निघाल्या. बायका पोरं उचलून बाजूला झाल्या. शिवाय चौघीही पुढं ओढत होत्या, मागं दाबायला कुणीच नव्हतं, त्यामुळे पास, म्हणजे डवऱ्याचं पातं, जमिनीत शिरतच नव्हती. डवरा नुसता टणाटण उड्या मारत होता. बाबाला तो आवाज सहन होईना. प्रार्थनेत बसलेल्या संतानं एक डोळा उघडला आणि देवदूतांना म्हणाला, "दाबा त्याले. मांगून दाबा."

गाव हसून आडवं झालं. शिपाईणबाईंनी खांद्यावरचा दोर टाकला, पदर खोचला आणि मागं जाऊन डवऱ्यावर असा भार दिला की पुढच्या तिघी जागच्या जागी थांबल्या. मग पास नीट शिरली, काळी माती वर आली, आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. हिंदीच्या बाईंचा एक पंख गळून मातीत पडला तो तसाच डवरला गेला.

तेवढ्यात मालक आले. कोट, फेटा, काठी. 'कुठे आहे तो कामचोर? झोपा काढतो झोपा!' आवाज तोच. पण समोर ते देवदूत पाहून त्यांना स्वतःलाच हसू फुटलं, फेटा डोळ्यांवर आला, तो वर करत करत ते दोन वाक्यं विसरले. मी माइकवरून सांगितली. त्यांनी ती म्हटली. आणि शेवटची जागा आली.

माझं हसू आपोआप थांबलं. माझ्या हातातल्या कागदावर आता मालकांचं एकच वाक्य उरलं होतं, आणि ते त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं.

मालक बाबासमोर उभे राहिले. बाबाचे डोळे मिटलेले. मालकांनी गावाकडं एकदा पाहिलं, मग काठी जमिनीवर ठेवली. एक हात मांडीवर टेकवला. एक गुडघा खाली गेला. मग दुसरा. दोन्ही गुडघ्यांचा आवाज पहिल्या रांगेतल्यांना ऐकू आला असणार. मागं बैलांची घुंगरं तेवढी वाजत होती.

"माझं चुकलं," मालक म्हणाले. पूर्ण आवाजात, राजाच्या आवाजात. "तू झोपला नव्हतास."

टाळ्या पडल्या. मी पडद्यामागं रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम, नाकाडोळ्यातून पाणी. जिच्या कपाळाला टेंगूळ आणलं होतं ती आता दोन लेकरांना घेऊन पुढंच बसली होती. मी तिच्याकडं बघून घेतलं. माझं काम झालं होतं.

बाबाचं पुढचं वाक्य होतं, 'उठा मालक, चूक माणसाच्याच हातून होते.' बाबानं डोळे उघडले. खाली बसलेल्या मालकांकडं नीट पाहिलं. आणि म्हणाला, "झोपलो होतो."

लोक पुन्हा हसले. त्यांना वाटलं बाबा विसरला. मी माइकमध्ये कुजबुजले, "उठा मालक. बाबा, उठा मालक म्हण."

"थांब व," बाबा माझ्याकडं न बघता म्हणाला. मग मालकांना म्हणाला, "त्या दिवशी मी झोपलो होतो, मालक. खोटं कायले बोलू. आभाळ आलं होतं, पानी येईन म्हून चांदनी असतानी बैल जुतले. चार एकर डवरलं. एकही फेर सोडला नाई. बैलाले पानी पाजलं, सावलीत बांधलं, आन मंग झोपलो. तुमी मले पाह्यलं. वावर नाई पाह्यलं."

आता कुणी हसलं नाही. मी तर नाहीच. बावीस-तेवीस वर्षं मी सगळ्यांशी भांडत होते की तो झोपला नव्हता, म्हणजे मी पण वावर पाहिलं नव्हतंच की. माझ्या नाटकातलं माझ्या आवडीचं वाक्यच खोटं निघालं होतं, आणि बाबाला माफी त्या वाक्याची नको होती. मला लाज वाटली आणि बाबाचा इतका अभिमान वाटला की कुठं ठेवू कळेना.

मालक गुडघ्यांवरच होते. फेटा त्यांनी काढून मांडीवर घेतला. "नाई पाह्यलं," ते म्हणाले. हा त्यांचा नाटकातला आवाज नव्हता. "धुऱ्यावरूनच परतलो मी. चुकलं गा माहं."

हे मी लिहिलेलं नव्हतं. बाबानं मान हलवली. त्याचा चेहरा असा काही खुलला की तसा मी तो कधी पाहिला नाही, माझ्या लग्नातही नाही.

मालकांनी हात पुढं केला. "आता उठव मले. गुडघे गेले."

बाबानं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. पण ओढला नाही.

"थांबा जी," तो म्हणाला. "जराक राहू द्या."

मालक हसायला लागले, आणि तसेच थांबले.